तार कोणाची, खांब कोणाचा?

ऑगस्ट 2025 मध्ये, गोकुळाष्टमीच्या उत्सवात, हैदराबादेतील रामंतापूर भागात श्रीकृष्णाचा रथ रात्री गल्लीतून ओढला जात असता विजेचा प्रवाह रथात उतरला आणि पाच माणसे प्राणास मुकली. रथ, पालखी, छबिना यांचे आपणां देवळाशी बांधलेल्या लोकांस किती प्रेम असते हे सांगावयास नको; म्हणूनच ते वृत्त वाचून मन फार दिवस विषण्ण राहिले. पुढे वीजमंडळाच्या माणसांनी खांबाखांबांवर लोंबणारे केबलचे व इंटरनेटचे झुबके कापून टाकण्याचा सपाटा लावला, घरोघरचे दूरसंचार बंद पडले, आणि एका कंपनीने उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. प्रश्न वरकरणी साधा होता. खांब वीजमंडळाचा, रस्ता महानगरपालिकेचा, तार कंपनीची आणि कंपनीला परवाना दिल्लीचा. मग ती तार तेथे बांधण्यास संमती कोणी द्यावयाची, आणि काढण्याचा हुकूम कोणी?

वकिलीच्या धंद्यात असल्यामुळे अशा प्रश्नाचे मूळ शोधण्याची मला खोड आहे. हैदराबादेपुरते हे मूळ 1869 पर्यंत जाते. त्या एकाच वर्षी पहिल्या सालारजंगांच्या कारभारात शहरास नगरपालिका मिळाली आणि निजामी राज्याचे पहिले टपालतिकीटही निघाले. म्हणजे रस्त्याची व्यवस्था आणि संदेशाची व्यवस्था ही दोन्ही एकाच दरबारातून जन्मली. मात्र शहराच्या अंगावरच दुसऱ्या सत्तेचे ठिगळ होते. सिकंदराबादच्या छावणीत ब्रिटिशांचे राज्य होते. रेसिडेन्सी बाजार, म्हणजे आजचा सुलतान बाजार, 1933 मध्ये निजामाकडे परत आला. याच परिसरात मराठी मंडळींची वस्ती दाट होती, आणि केशवराव कोरटकर व वामनराव नाईक यांच्या पिढीने 1907 मध्ये काढलेली विवेकवर्धिनी येथलीच. एक गल्ली ओलांडली की हुकमत बदले, हे आमच्या आजोबांच्या पिढीस नवलाचे वाटत नसे. गोव्यातील वाचकांस हे निराळे सांगावयास नको. 1961 च्या डिसेंबरपर्यंत त्यांच्या पत्रावर पोर्तुगीज तिकीट असे.

ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र हक्काचा निवाडा लवकर झाला. 1881-82 मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास येथे टेलिफोनचे मक्ते खाजगी कंपन्यांस मिळाले. ते दिले हिंदुस्थान सरकारने. मुंबईच्या नगरपालिकेने नव्हे. मुंबईची कंपनी 1943 मध्ये सरकारने विकत घेतली. अमेरिकेत याच्या उलट रीत पडली. तेथे केबल दूरचित्रवाणीचा मक्ता गावाने द्यावयाचा, आणि 1984 च्या कायद्याने त्या मक्त्याचे शुल्क उत्पन्नाच्या शेकडा 5 पर्यंतच घेता येई. आपल्याकडे गावाला हा अधिकार कधीच नव्हता. 1885 च्या तारयंत्राच्या कायद्याने, कलम 4 अन्वये, अनन्य हक्क केंद्राकडे ठेवला.

परंतु त्याच कायद्याचे कलम 10 वाचावे. स्थानिक संस्थेच्या ताब्यातील जागेवर खांब रोवावयाचा तर तिची परवानगी हवी, असे तेथे म्हटले होते. कलम 12 प्रमाणे तिला अटी घालता येत. हे वाचून नगरपालिकेच्या सभासदाची छाती फुगावी. पण पुढे कलम 15 येते. परवानगी नाकारल्यास वाद केंद्र सरकारने नेमलेला अधिकारी मिटवील आणि त्यावरचे अपीलही केंद्र सरकारकडेच! वादी, न्यायाधीश आणि अपिलाचे न्यायालय एकाच वाड्यात राहावेत, असा हा बंदोबस्त शंभराहून अधिक वर्षे टिकला.

निजामी राज्यात आकाशवाणीच्या बाबतीत हा खेळ अधिक रंगला. 3 फेब्रुवारी 1935 रोजी 200 वॅटच्या प्रक्षेपकावर निजामी सरकारचे केंद्र सुरू झाले. आरंभी भाषा उर्दू. पुढे तेलुगू, कन्नड व मराठीसही स्थान मिळाले. औरंगाबादेसही संस्थानचे केंद्र होते. याच वर्षीच्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टात टपाल, तार, टेलिफोन आणि ध्वनिक्षेपण हे संघराज्याचे विषय ठरले. तरी कलम 129 ने सांगितले की प्रांतांनी अगर सामील होणाऱ्या संस्थानिकांनी ध्वनिक्षेपणाचा अधिकार मागितला तर संघाने तो अवाजवी रीतीने नाकारू नये. ते संघराज्य प्रत्यक्षात आलेच नाही, निजामाने सामील होण्याचे टाळले, आणि केंद्र त्याचेच राहिले. 1947 मध्ये सामिलीकरणाचे तीन विषय होते ते संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. यांतील तिसरा तुच्छ मानू नये. 17 सप्टेंबर 1948 रोजी शस्त्रे खाली ठेवल्याची घोषणा निजामाने याच ध्वनिक्षेपण केंद्रावरून केली. 1 एप्रिल 1950 रोजी केंद्राचा ताबा भारत सरकारकडे गेला, आणि संस्थानचे टपालही त्याच दिवशी विलीन झाले. राज्यघटनेच्या संघसूचीतील 31 व्या नोंदीने हा विषय कायमचा दिल्लीस दिला.

पुढे 1993 मध्ये 74 वी घटनादुरुस्ती अमलात आली. बाराव्या परिशिष्टात नगरांसाठी 18 विषय सांगितले आहेत. त्यांत रस्ते आणि पूल आहेत, रस्त्यावरचे दिवे आहेत, स्मशानेही आहेत. तारेचा उल्लेख नाही. मात्र ती तार ज्यावर टेकते ती भूमी, जिच्याखालून जाते ते खोदकाम, हे नगराचेच. 2016 च्या नियमांनी तेथेही मर्यादा घातली होती: जमिनीखालील तारेस दर किलोमीटरला 1,000 रुपयांपर्यंतच अर्जाचे शुल्क, आणि 60 दिवसांत उत्तर न दिल्यास परवानगी मिळाली असे समजावयाचे. कचेरीतील विलंब अर्जदाराच्या पदरी संमती म्हणून पडावा, हा प्रकार मला न्याय्य वाटतो. मात्र ज्या पालिकेजवळ तारांची नोंदवही धड नाही, तिला 60 दिवसांत काय पाहता येणार होते?

करापुरता नगराचा विजय झाला. 16 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महानगरपालिकेच्या खटल्यात मोबाइलचा मनोरा ही 'इमारत' असून त्यावर मालमत्ता कर बसविता येतो, असा निर्णय दिला. हा विजय फार काळ निर्वेध राहिला नाही. 2023 च्या दूरसंचार कायद्याच्या कलम 14 ने असे ठरविले की जागेवर उभारलेले जाळे त्या जागेचा भाग समजू नये, करासाठीही नव्हे. हे कलम 26 जून 2024 पासून लागू आहे. मागे एका देवस्थानाचे विश्वस्त मजकडे आले होते. धर्मशाळेच्या गच्चीवर मनोरा उभारण्याची मागणी आली होती. भाडे चांगले, पण कर कोणाच्या नावे येईल, आणि धर्मादाय खात्याची संमती कोणी मिळवावयाची, याचा करारात एक अक्षरानेही उल्लेख नव्हता. मी म्हटले, आधी ती दोन वाक्ये लिहून आणा, मग सही. त्यांनी ती आणली नाहीत, आणि मनोराही उभा राहिला नाही.

रामंतापूरच्या गल्लीत मात्र करार दूरच, कोणती तार कोणाची याची खूण नव्हती. उत्सवाच्या परवानगीसाठी मंडळे पोलिसांकडे जातात, मिरवणुकीचा मार्ग व रथाची उंची सांगतात. खांबावरच्या तारांची उंची सांगणारा कागद मात्र कोणाच्याच कचेरीत नसतो.