चार्ली प्राइड

प्राइड, चार्ली : (१८ मार्च १९३४–१२ डिसेंबर २०२०). ख्यातनाम अमेरिकन कंट्री गायक. गोऱ्यांची मिरासदारी समजल्या जाणाऱ्या कंट्री संगीतात अव्वल स्थान मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय कलावंत. मिसिसिपी राज्यातील स्लेज या गावी, वाट्याने शेती कसणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अकरा भावंडांतले ते चौथे. वडिलांना मुलाचे नाव चार्ल ठेवायचे होते. नोंदणीत ते चार्ली झाले आणि तसेच राहिले.

कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलहून प्रसारित होणारा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम वडील शनिवारी रात्री घरातल्या रेडिओवर आवर्जून लावत. हँक विल्यम्स, अर्नेस्ट टब या कंट्री गायकांची गाणी चार्लींच्या कानावर पडली ती तिथेच. कापूस वेचून साठवलेल्या पैशांतून चौदाव्या वर्षी त्यांनी गिटार घेतली आणि ऐकून ऐकून ती शिकून घेतली.

खरी ओढ मात्र बेसबॉलची होती. १९५० च्या दशकात ते कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीगमध्ये मेंफिस रेड सॉक्स आणि इतर संघांकडून गोलंदाज म्हणून खेळले. एका संघाने जुनी बस विकत घेता यावी म्हणून त्यांना आणि एका सहकाऱ्याला दुसऱ्या संघाला विकून टाकले होते. १९५६ मध्ये रोझीन यांच्याशी विवाह झाला. पाठोपाठ दोन वर्षे सैन्यात गेली. १९६० मध्ये ते मोंटानात आले. ईस्ट हेलेना येथील शिशाच्या भट्टीवर कामगार म्हणून राबायचे, कारखान्याच्या संघाकडून खेळायचे आणि सामन्याआधी गाऊन दहा डॉलर जादा मिळवायचे, असा तो काळ होता. रेड सोव्हाइन आणि रेड फोली या नामवंत गायकांनी त्यांचे गाणे ऐकले आणि नॅशव्हिल गाठण्याचा सल्ला दिला.

तिथे निर्माते जॅक क्लेमंट यांनी १९६५ मध्ये त्यांचे ध्वनिमुद्रण केले. आरसीए या ध्वनिमुद्रण कंपनीचे चेट अ‍ॅटकिन्स यांनी ते वरिष्ठांना ऐकवले. आवाज पसंत पडल्यावरच गायक कृष्णवर्णीय असल्याचे सांगितले. १९६६ मध्ये पहिली तबकडी निघाली तेव्हाही प्रसिद्धीसाठी छायाचित्र दिले गेले नाही. त्यामुळे श्रोत्यांना आवाज आधी कळला, चेहरा नंतर. डेट्रॉइटच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमात ते मंचावर येताच टाळ्या अचानक थांबल्या. आपला हा कायमचा रापलेला रंग कंट्री गायकाला जरा वेगळाच दिसत असेल, असे हसत सांगून प्राइड यांनी गायला सुरुवात केली आणि सभागृह जिंकले.

१९६७ मध्ये ते ‘ऑप्री’च्या मंचावर गायले. त्याआधी तिथले आरंभीचे लोकप्रिय कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक डीफोर्ड बेली यांना १९४१ मध्ये काढून टाकले होते. १९६९ मध्ये प्राइड यांचे गाणे प्रथमच कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १९७१ चे ‘किस अ‍ॅन एंजल गुड मॉर्निन’ हे बेन पीटर्स यांनी लिहिलेले गाणे त्यांची ओळख बनले. त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनने त्यांना वर्षातील सर्वोत्तम कलावंत म्हणून गौरवले. एकूण त्यांची जवळजवळ तीस गाणी अग्रस्थानी गेली. १९७० च्या दशकात आरसीएमध्ये त्यांच्याहून अधिक खप होता तो एल्व्हिस प्रेसली यांच्या तबकड्यांचा.

उमदा, खर्जाकडे झुकणारा आवाज आणि शब्दांचा स्वच्छ उच्चार ही त्यांच्या गायनाची वैशिष्ट्ये. वर्णाचा प्रश्न त्यांनी गाण्यांचा विषय केला नाही. प्रेम, घर, विरह हे कंट्रीचे नेहमीचेच विषय ते गायले. १९७६ मध्ये उत्तर आयर्लंड हिंसाचारात होरपळत असताना, परदेशी कलावंत तिकडे फिरकत नसताना, त्यांनी बेलफास्टमध्ये कार्यक्रम केला. त्यांचे ‘क्रिस्टल शँडेलियर्स’ हे गाणे तिथल्या कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्ही समाजांनी आपले मानले.

१९९३ मध्ये ते ‘ऑप्री’चे सदस्य झाले. १९९४ च्या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या मानसिक आजाराविषयी मोकळेपणाने लिहिले. २००० मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय कलावंत ठरले. नोव्हेंबर २०२० मध्ये जीवनगौरव पुरस्कार स्वीकारल्यानंतर सुमारे महिन्याभराने, कोव्हिडमुळे डॅलस येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी उघडलेले दार नॅशव्हिलने इतरांसाठी फार काळ किलकिलेच ठेवले. १९८३ मध्ये त्यांचे ‘नाइट गेम्स’ हे गाणे अग्रस्थानी गेले; त्यानंतर तो मान दुसऱ्या कृष्णवर्णीय एकल गायकाला, डॅरियस रकर यांना, २००८ मध्ये मिळाला.