विजेचा दर ठरवतं कोण?

आपल्या गडमुडशिंगीत घरोघरी येणारं विजेचं बिल नीट उलगडून बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशा ओळी दिसतील. हे दर महावितरण स्वतःच्या मनानं लावत नाही आणि मंत्रीही लावत नाहीत. ते मंजूर करतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. वीज शुल्काची ओळ तेवढी सरकारची.

हा आयोग ५ ऑगस्ट १९९९ ला स्थापन झाला. त्याआधी १९६० पासून सगळा कारभार वीज मंडळाकडं होता. वीज तेच करायचं, तेच वाटायचं, आणि दर सरकारच्या मर्जीनं ठरायचे. गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पासाठी १९९३ साली एन्रॉनच्या कंपनीशी करार झाला. त्यातली महागडी कलमं लोकांपासून झाकून ठेवली होती. वेलदूरच्या कोळणींनी विरोध केला, पोलिसांचा मार खाल्ला. पुढं ती वीज मंडळाला परवडेना आणि २००१ साली खरेदी थांबली. सामान्य माणसानं हिशेब मागावा अशी जागाच तेव्हा नव्हती. देशभरची वीज मंडळं तोट्यात बुडत होती, म्हणून केंद्रानं १९९८ साली कायदा केला आणि राज्यांना आयोग नेमता आले.

आयोगाचं पहिलं मोठं काम म्हणजे २००० सालचा दरनिर्णय. मला तरी या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती थेट शेतकऱ्याच्या अब्रूची आहे.

समजा, डेअरीत शंभर लिटर दूध आलं आणि पावत्या साठच लिटरच्या निघाल्या. बाकीचं कुठं गेलं विचारलं, तर उत्तर मिळालं, "वासरांनी प्यायलं." विजेचं तसंच चाललं होतं. शेतीपंपांना मीटर नव्हते, बिल अश्वशक्तीवर. मग तारांतली गळती, आकडे, कारखान्यांची चोरी असं जे जे हिशेबात बसत नव्हतं, त्यातलं बरंचसं शेतीच्या नावावर खपवलं जायचं. कागदावर गळती थोडी आणि शेतकरी मात्र फुकट्या! रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजणाऱ्या बायकांनी हे बोलणं किती वर्षं ऐकलं.

आयोगापुढं मंडळाला आकडे मांडावे लागले. पुण्याच्या प्रयास गटासारख्यांनी ते तपासले, आणि गळती तीस टक्क्यांच्या वर असल्याचं उघड झालं. तो वाद अजून संपलेला नाही. इचलकरंजीचे प्रताप होगाडे शेतीपंपांच्या वाढीव युनिटांचा प्रश्न आयोगापुढं वर्षानुवर्षं मांडत आलेत.

२००३ च्या वीज कायद्यानं आयोगाचे अधिकार वाढले. २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन महावितरण वेगळी कंपनी झाली. सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल, तर तिचे पैसे कंपनीला आधी द्यावे लागतात, असंही हा कायदा सांगतो. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली. त्या विजेलाही दर असतोच, फक्त तो सरकारनं भरायचा असतो.

दर ठरवण्याआधी जाहीर सूचना निघते, हरकती मागवतात, सुनावणी होते. आपल्या भागासाठी ती बरीच वर्षं पुण्यात व्हायची, तीही कामाच्या दिवशी. धारा काढून, डबे करून पुणं गाठणार कोण? त्यामुळं तिथं पुरुष आणि कारखानदारच जास्त दिसायचे. पण हरकत लेखी पाठवता येते, बचत गटाच्या नावानंही.

बिलाची तक्रार कंपनीनं ऐकली नाही, तर कोल्हापुरात ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तिथंही समाधान झालं नाही, तर मुंबईला विद्युत लोकपाल. बिल थकलं तरी पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. वायरमन थेट खांबावर चढू लागला, तर आधी ती नोटीस मागा.