घडीचं दार अडकतंय? दुरुस्त करावं की बदलावं, असं ठरवा

घरात जागा कमी असली की घडीचं दार सोयीचं पडतं. स्वयंपाकघर आणि हॉलच्या मध्ये, बाथरूमला किंवा कपाटाला ते बसवलं जातं. पण काही वर्षांनी तेच दार त्रास देऊ लागतं. कुठे चाक ट्रॅकमधून निसटतं, कुठे पट्टी फाटते, तर पावसाळ्यात लाकडी फळ्या फुगून एकमेकींना घासतात. अशा वेळी बहुतेक जण दार जोरानं ओढतात आणि थोडक्यात भागणारं काम वाढवून ठेवतात.

आधी दाराचा प्रकार ओळखा

घरात साधारण दोन प्रकार दिसतात. पहिला पीव्हीसीचा. यात अरुंद पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात आणि सगळं दार वरच्या ट्रॅकमध्ये चाकांवर लटकतं. खाली ट्रॅक नसतो. दुसरा लाकडी किंवा प्लायचा. यात दोन किंवा चार फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या असतात. चौकटीकडची फळी वर-खाली खुंटीवर फिरते आणि पुढच्या फळीचं चाक ट्रॅकमध्ये धावतं.

दुकानात सामान मागताना शब्दांचा घोळ होतो. आपली बिजागरी इंदूर-ग्वाल्हेरकडे 'कब्जा' होते. बेळगावात कन्नड सुताराला 'बडगी' म्हणतात, तर गोव्यात सुतार 'मेस्त' असतो. नाव काही असो, जुनं चाक किंवा खुंटी काढून सोबत न्या. चाकांची मापं वेगवेगळी असतात, अंदाजानं आणलेलं बहुधा बसत नाही.

कुठे घासतंय ते पाहा

दार हळू उघडा-झाका आणि घासल्याच्या खुणा शोधा. दुरुस्तीची दिशा तिथेच कळते.

लाकूड ओलाव्यानं आडवं फुगतं, उभं जवळजवळ वाढत नाही. त्यामुळे दार पावसाळ्यात बाजूच्या कडेला घासत असेल तर कारण बहुधा ओलावा. पण ते वर ट्रॅकला किंवा खाली फरशीला घासत असेल तर पावसाला दोष देऊ नका. तिथे बिजागरी सैल झालेली असते, खुंटी सरकलेली असते किंवा नवी फरशी बसवल्यामुळे जमीन उंच झालेली असते.

खानापूर, बेळगाव आणि गोव्याच्या पावसात भर जुलैत रंधा मारायची घाई नको. तेव्हा तासलेलं दार उन्हाळ्यात आक्रसतं आणि मोठी फट पडते. दार अगदीच बंद होत नसेल तर पॉलिश पेपरनं थोडं घासून काम चालवा. पाऊस संपून लाकूड वाळलं की नीट तासा. मग सर्व कडांना, विशेषतः वरच्या आणि खालच्या कडेला, रंग किंवा पॉलिश लावा. या दोन कडा बहुतेक घरांत कोऱ्याच राहतात आणि पाणी तिथूनच आत शिरतं.

घरच्या घरी होणारी कामं

१. ट्रॅक साफ करा. जुन्या ब्रशनं धूळ, केस आणि स्वयंपाकघरातला तेलकट थर काढा. साबणाच्या पाण्यानं पुसून कोरडं करा. मग मेणबत्ती घासा किंवा सिलिकॉन स्प्रे मारा. खोबरेल तेल किंवा ग्रीस नको. त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात चाक पुन्हा अडकतं.

२. स्क्रू पाहा. लाकडातलं छिद्र मोठं झालं असेल तर काडीपेटीच्या दोन-तीन काड्या फेव्हिकॉल लावून त्यात ठोका, वाळू द्या आणि स्क्रू पुन्हा बसवा. भिंतीतून ट्रॅक सुटला असेल तर जुन्याच भोकात स्क्रू पिळू नका. शेजारी नवं भोक पाडून गिट्टी ठोका. बाथरूममध्ये स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू वापरा.

३. खुंटी जुळवा. लाकडी दार चौकटीला फक्त वर घासत असेल तर वरची खुंटी किंचित आत सरकवा. खाली घासत असेल तर खालची. फरशीला टेकत असेल तर खालच्या खुंटीचा स्क्रू फिरवून दार उचला. एका वेळी अर्धा फेरा पुरे, मग पुन्हा पाहा.

४. चाक बदला. ट्रॅकच्या टोकाचा अडसर काढला की पीव्हीसी दार सरकवून बाहेर घेता येतं. फाटलेली एखादी पट्टीही काढून बदलता येते, मात्र त्याच मापाची मिळाली तरच.

काम करताना दुसऱ्या माणसाला दार धरायला सांगा. लहान मुलांना लांब ठेवा, कारण घडीत बोटं चेमटतात.

दार कधी बदलावं?

पीव्हीसी उन्हानं कडक होऊन तडकतं. पट्ट्या हात लावताच तुटत असतील तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. प्लाय खालून सुटून पदर निघाले असतील, वाळवी लागली असेल किंवा चौकटच कुजली असेल तरीही दार बदलावंच लागतं. जुन्या घरातलं सागवानी घडीचं दार मात्र लगेच भंगारात काढू नका. तिथे बहुतेकदा बिजागऱ्या बदलून काम भागतं.

नवं दार घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत लहान माप धरा. उंची दोन्ही बाजूंना मोजा. पीव्हीसी दार लांब पडलं तर खालून कापा, कारण वर चाकं असतात. मिटलेली घडी वाटेतली काही इंच जागा खाते. घरात वॉकर किंवा व्हीलचेअर असेल तर ती जागा वजा करून उरलेली वाट मोजा.

सरकतं दार हाही पर्याय आहे, पण त्याला बाजूच्या भिंतीवर दाराएवढी मोकळी जागा लागते. बाथरूमला डब्ल्यूपीसीचं दार चालतं, ते पाण्यानं फुगत नाही. गॅसच्या शेगडीजवळ पीव्हीसी नको. सुमारे ८० अंश सेल्सिअसला ते मऊ पडतं आणि जळताना विषारी धूर सोडतं.

बाथरूमच्या दाराची वेगळी काळजी

आजी-आजोबा आत असताना दार अडकलं तर प्रश्न सोयीचा राहत नाही. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर ते ढकलता येत नाही. घडीचं दार तिथे उपयोगी पडतं, पण ते बाहेरून उघडता आलं तरच. म्हणून आतली कडी बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी घ्या. दार बसवताना चौकटीकडचे स्क्रू बाहेरच्या बाजूला ठेवायला सुताराला सांगा. एकदा घरच्या कुणाला आत कडी लावायला सांगून बाहेरून उघडून पाहा आणि घरातल्या सगळ्यांना ते शिकवा.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर दाराखालच्या फटीवर विसंबू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. गीझर बाहेर मोकळ्या हवेत हलवणं हाच खरा उपाय. दाराचं काम काढलंच आहे, तर हेही त्याच वेळी करून घ्या.