उषेच्या स्वप्नापासून मोबाइलमधल्या व्हॅम्पायरपर्यंत

आज बचतीचा विषय नाही, कर्जाचा नाही, हप्त्याचाही नाही. आज आपल्या मुली जे वाचत बसतात त्याविषयी बोलू या. काळेवाडीत गटाच्या कामासाठी आम्ही घरोघर जातो. दहा बाय दहाच्या खोलीत आई पोळ्या लाटत असते, धाकटा टीव्ही बघत असतो आणि मुलगी भिंतीला टेकून मोबाइलवर वाचत असते. अभ्यास नसतो तो. ती प्रेमकथा असते, आणि त्या कथेतला नायक माणूस नसतो! कधी तो रक्त पिणारा व्हॅम्पायर असतो, कधी पौर्णिमेला लांडगा होणारा मुलगा, तर कधी जुन्या वाड्यात अडकलेला एखादा शापित आत्मा. काही मुली इंग्रजी पुस्तकं वाचतात. बऱ्याच जणी प्रतिलिपीसारख्या ॲपवर मराठीतच वाचतात, आणि एखादी गुपचूप लिहितेसुद्धा.

घरातली मोठी माणसं म्हणतात, "हे काय नवीन खूळ?" आमचं भांडण त्या 'नवीन' शब्दाशी आहे.

आमच्या एका गटाच्या बैठकीत हा विषय पैशांच्या हिशोबाच्या मधेच निघाला. एका सदस्य ताईंची मुलगी बारावीला. तिच्या मोबाइलमध्ये आईला अशीच एक गोष्ट सापडली, त्यातला नायक नायिकेच्या मानेवर ओठ टेकवतो. आजी म्हणाली, पोरीचं डोकं फिरलंय, मोबाइल काढून घ्या आणि सोयरीक बघायला लागा. ताईंना आमच्याकडून दुजोरा हवा होता. आम्ही मुलीलाच बोलावून घेतलं आणि म्हटलं, काय वाचतेस ते वाचून दाखव. ती आधी लाजली. मग वाचायला लागली. तिसऱ्या पानाला एक मावशी म्हणाल्या, "थांब गं, हा मेलाय ना? मग तिला वास कसा येतो त्याचा?" पाचव्या पानाला सगळ्या गप्प. भाग संपला तेव्हा आजीच म्हणाल्या, "पुढं काय झालं?"

त्यानंतर आम्ही तिघी-चौघींनी ठरवलं, ही गोष्ट मुळात आली कुठून ते बघू. वाचनालयात बसलो, जुन्या कादंबऱ्यांविषयी मिळेल ते वाचलं, जाणत्यांना विचारलं. त्यातून हाती लागलं ते सांगतो.

सगळ्यात जुनं तर आपल्या घरातच आहे. भागवतातली उषा आठवा. बाणासुराची मुलगी. तिला स्वप्नात एक तरुण दिसतो आणि ती त्याच्या प्रेमात पडते. कोण, कुठला, काही माहीत नाही. तिची सखी चित्रलेखा एकेका राजपुत्राचं चित्र काढून दाखवते. अनिरुद्धाचं चित्र दिसताच उषा लाजते. मग चित्रलेखा योगबळाने आकाशमार्गे द्वारकेला जाते आणि झोपलेल्या अनिरुद्धाला उचलून उषेच्या महालात आणते. आता सांगा, मुलींच्या मोबाइलमध्ये याहून अचाट काय असणार आहे? योगायोग असा की 'ट्वायलाइट' ही व्हॅम्पायरची कादंबरी लिहिणाऱ्या अमेरिकेतल्या स्टेफनी मेयर सांगतात, त्यांना ती गोष्ट २००३ साली एका स्वप्नात दिसली. पुस्तक २००५ साली आलं आणि जगभरच्या मुलींनी ते डोक्यावर घेतलं.

आणि एकनाथांचं 'रुक्मिणीस्वयंवर'? मुलीचं लग्न जमावं म्हणून आपल्याकडे त्याचं पारायण करायला लावतात. पण त्यात आहे काय? भावाने ठरवलेला शिशुपाल रुक्मिणीला नको असतो. ती स्वतः कृष्णाला पत्र पाठवते, ये आणि मला घेऊन जा. देवीच्या दर्शनाला ती जाते आणि तिथून तो तिला रथातून नेतो. मुलीने घरच्यांनी ठरवलेला मुलगा नाकारून चिठ्ठी पाठवायची, ही गोष्ट आपण मुलींना ठरवून केलेलं लग्न जमावं म्हणून वाचायला देतो. आम्हाला याचं हसू आलं, आणि बैठकीत सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या.

आता छापील कादंबरीकडे येऊ. मराठीत १८५७ साली बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं, विधवांच्या हालांविषयीचं. पण त्या वाटेने लगेच कुणी गेलं नाही. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली, १८६६ साली त्यांचीच 'रत्नप्रभा', आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. नावंच बघा, सगळ्या नायिका. या कादंबऱ्यांना अद्भुतरम्य म्हणतात. राजे, राजकन्या, ताटातूट, संकटं, चमत्कार आणि शेवटी भेट. त्याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकर 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणत होते. त्या तर एका बाईनेच सांगितलेल्या, जीव वाचवण्यासाठी, रात्रीमागून रात्र.

पुढे टीकाकारांनी या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना नाकं मुरडली. पोरकट, खोट्या, रोजच्या जगण्याशी संबंध नसलेल्या, असं म्हटलं. पण रिसबुडांनी 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत या आरोपाला आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं, आणि ते वाचून आम्ही थक्क झालो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्याकडच्या लग्नाच्या चालीरीतींमुळे आणि आणखी काही कारणांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मन खेचून घेईल असं काही घडतच नाही. रोज अनुभवतो तेच लिहिलं तर वाचणाऱ्याला गोडी वाटणार नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताचा आधार घ्यावा लागतो.

हे नीट ऐका. लग्नाच्या चालीरीती! मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की बोहल्यावर. तिने कुणाला बघितलं, आवडलं, नाकारलं, वाट पाहिली, असं काही घडायला जागाच नव्हती. मग तरुण मुलीच्या प्रेमाची गोष्ट लिहायची कुठे? खऱ्या पुण्यात, खऱ्या वाड्यात ती घडणं शक्य नव्हतं. म्हणून ती दूरच्या राज्यात घडवायची. आम्हाला वाटतं, आपल्याकडे प्रेमाला चमत्काराची सोबत लागली ती यामुळे. लेखकाला वेड लागलं होतं म्हणून नव्हे, मुलीला निवड नव्हती म्हणून.

खऱ्या मुलीने निवड करायचं म्हटलं तर काय होत होतं, तेही त्याच काळात दिसलं. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावलेलं. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने १८८४ साली दावा लावला. १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण नवऱ्याने अपील केलं आणि १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. एवढं सगळं एका 'नाही'साठी.

आणि बायका स्वतः लिहायला लागल्या तेव्हा? मराठी बाईने लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती साळूबाई तांबवेकर यांची 'चंद्रप्रभाविरहवर्णन', १८७३ सालची. नावातच विरह. म्हणजे आपल्यातली पहिली लेखिका विरहाच्या प्रेमकथेनेच सुरुवात करते. तिचं नाव आमच्या बी.ए.च्या पुस्तकांत आम्हाला भेटलं नव्हतं. काशीबाई कानिटकरांचं भेटलं होतं. काशीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. लग्न लहानपणीच झालं आणि अक्षरओळख झाली ती त्यानंतर. बाई शिकली की नवरा मरतो, असं लोक तेव्हा खुशाल बोलत. काशीबाईंनी 'रंगराव' लिहिली, आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं, आणि १९२८ साली त्यांची 'पालखीचा गोंडा' आली. ती आहे एका काल्पनिक संस्थानाची गोष्ट, जिथला कारभार बायकांच्या हाती आहे. तिकडे बंगालमध्ये बेगम रुकय्या यांनी १९०५ साली 'सुलतानाज् ड्रीम' लिहिलं होतं, त्यात पुरुष घरात कोंडलेले आणि बायका हवेतल्या गाडीतून फिरतात, सूर्याच्या उष्णतेवर यंत्रं चालवतात. खऱ्या जगात ग्रामपंचायतीतही बाई दिसत नव्हती तेव्हा या दोघी काल्पनिक देश उभे करत होत्या.

मधल्या काळात वारं बदललं. १८९० पासून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक'मध्ये येऊ लागली. त्यातल्या यमूचे हाल वाचून लोक हळहळले. ती फार मोठी कादंबरी आहे, त्यात वादच नाही. पण तेव्हापासून चांगलं वाचन म्हणजे वास्तव, दुःखाचं, असं एक माप पडलं. पुढे मुली कॉलेजात जायला लागल्या. ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांत तरुण-तरुणी एकमेकांना भेटू लागले, बोलू लागले. प्रेमाला आता राक्षस-गंधर्वांची गरज उरली नाही. मग वाचनालयात दोन वेगळी कपाटं झाली. एका कपाटात फडके, कुमुदिनी रांगणेकर, बाबा कदम. दुसऱ्यात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी. धारपांची 'लुचाई' ही तर रक्तपिपासूंचीच कादंबरी, इंग्रजीतल्या स्टीफन किंगच्या गोष्टीवर बेतलेली. 'तुंबाड' चित्रपटाला प्रेरणा मिळाली तीही धारपांच्याच कथेवरून. आमच्यातल्या काहींच्या आयांनी गिरणी-कारखान्यांच्या वस्तीत, चाळीतल्या फिरत्या वाचनालयातून या दोन्ही कपाटांतली पुस्तकं वाचली आहेत. एक पुस्तक पाच घरं फिरायचं, आणि मधली चार पानं कुणीतरी फाडलेली असायची.

मग आज आपल्या पोरींना ही दोन कपाटं पुन्हा एक का करावीशी वाटली? कॉलेज आहे, मोबाइल आहे, कायद्याने लग्नाचं वय अठरा आहे. आम्ही त्या बारावीच्या मुलीलाच विचारलं, तुला खराखुरा मुलगा का नको गोष्टीत, भूत कशाला? ती म्हणाली, "ताई, खरा मुलगा असला की पहिल्यांदा त्याचं आडनाव विचारतात. याचं आडनाव ऐकून कुणी काय ओळखणार?"

बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. काळेवाडीत आपण सगळे कुठून कुठून आलेलो. कुणी लातूरकडून, कुणी सोलापूरकडून, कुणी खानदेशातून, चाकण-भोसरीच्या कंपन्यांमागे. नदीपलीकडे पिंपरी, इकडे आपली भाड्याची खोली. गाव सुटलं पण आडनाव विचारायचं सुटलं नाही. शेजारच्या मुलाशी जिन्यात दोन मिनिटं बोलली तर संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्यावर बातमी. व्हॅम्पायरला जात नाही, भावकी नाही, हुंडा मागणारी आई नाही. दीडशे वर्षांपूर्वी रिसबूड जे म्हणाले, ते आमच्या गल्लीत अजून पुरतं संपलेलं नाही.

याचा अर्थ या पुस्तकांतलं सगळं आम्हाला पटतं असं नाही. 'ट्वायलाइट'मधला एडवर्ड शंभर वर्षांचा आहे आणि बेला सतरा वर्षांची. तो तिच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो. पुस्तकात ते प्रेम म्हणून येतं. क्लासच्या बाहेर रोज उभा राहणारा, मागे मागे येणारा, कुणाशी बोललीस म्हणून जाब विचारणारा मुलगा आपल्या मुलींना भेटतो तेव्हा तो एडवर्ड नसतो. हे मुलींशी बोललंच पाहिजे. पण बोलायचं तर आधी ते पुस्तक आपण वाचलेलं हवं. आम्ही हे मुलींसमोर काढलं तेव्हा एक जण फटकन म्हणाली, "अनिरुद्धाला तर झोपेतच उचलून आणलं, त्याला कुठे विचारलं?" मुलगी हुशार आहे. उत्तर द्यायला आम्हाला जरा वेळ लागला.

त्या ताईंच्या घरी सोयरीक बघणं बारावीच्या परीक्षेपर्यंत थांबलंय. मोबाइल रात्री दहाला आईकडे जातो. त्यानंतरचं अजून ठरलेलं नाही, आजीचं मत बदललंय असंही नाही, फक्त त्या दर भागाला पुढचं विचारतात.

आणि आम्ही गटाच्या पत्र्याच्या पेटीशेजारी एक खोकं ठेवलंय. रद्दीच्या दुकानातून किलोवर घेतलेली पुस्तकं आहेत त्यात. धारपांची तीन, बाबा कदमांची दोन, मराठीतला हॅरी पॉटर, पाठ फाटलेलं 'पण लक्षात कोण घेतो', आणि एका ताईंच्या सासूबाईंनी दिलेलं 'रुक्मिणीस्वयंवर'. नोंद हप्त्याच्याच वहीत, मागच्या पानावरून सुरू केली आहे. पंधरा दिवसांना एक पुस्तक, उशीर झाला तर दोन रुपये. कुणाकडे जुन्या कादंबऱ्या पडून असतील तर पुढच्या बैठकीला घेऊन या. 'पालखीचा गोंडा' आम्हाला अजून मिळालेलं नाही.