डेट्रॉइटचे बदलते मतदारसंघ

१९५४ साली चार्ल्स डिग्ज डेट्रॉइटमधून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. मिशिगन राज्याचे ते पहिले कृष्णवर्णीय खासदार. तेव्हापासून २०२२ अखेरपर्यंत शहराचा निदान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये असे. जॉन कॉन्यर्स तर १९६५ ते २०१७ सलग प्रतिनिधिगृहात होते.

२०११ची मतदारसंघ-आखणी राज्याच्या रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने केली. कृष्णवर्णीय मतदार अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) दोन मतदारसंघांत कोंबले गेले. त्यांतला चौदावा डेट्रॉइटपासून पॉन्टिअ‍ॅकपर्यंत वेडावाकडा पसरला होता. दोन जागा पक्क्या झाल्या, पण आसपासच्या मतदारसंघांत या मतांचे वजन घटले.

२०१८च्या जनमतकौलाने आखणीचे काम विधिमंडळाकडून काढून १३ नागरिकांच्या आयोगाकडे दिले. आयोगात ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन आणि ५ अपक्ष होते. दोन पक्षांतला तोल या आयोगाने बराच सावरला, हे मान्य करावे लागते. डेट्रॉइटकरांच्या पदरात मात्र वेगळेच पडले. विधिमंडळाचे अनेक मतदारसंघ शहराच्या उत्तर सीमेवरचा एट माइल रोड ओलांडून गोऱ्या उपनगरांत लांबवर गेले. कृष्णवर्णीय मतदार ३५ ते ४५ टक्के असले तरी पुरे, असा तज्ज्ञांचा सल्ला होता आणि तो सार्वत्रिक निवडणुकांच्या आकड्यांवर बेतलेला होता. डेट्रॉइटमध्ये खरी लढत ऑगस्टमधल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, होते. नोव्हेंबरची सार्वत्रिक निवडणूक हा बहुधा उपचार. प्रायमरीत उपनगरांतले गोरे डेमोक्रॅट मतदार भारी पडू शकतात, हे हिशेबात नीट धरलेच गेले नाही.

काँग्रेसच्या नव्या तेराव्या मतदारसंघात २०२२च्या प्रायमरीत कृष्णवर्णीय उमेदवारांची गर्दी झाली, मते फुटली आणि बेळगावात वाढलेले मराठीभाषक उद्योजक श्री ठाणेदार जिंकले. बेळगावकरांना कौतुक वाटले असेल. डेट्रॉइटची जवळपास सात दशकांची परंपरा मात्र खंडित झाली.

डेट्रॉइटच्या काही रहिवाशांनी विधिमंडळाच्या नकाशाविरुद्ध दावा लावला. डिसेंबर २०२३मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय न्यायालयाने १३ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले. आखणीत वंशाचा निकष वरचढ ठरला, हा न्यायालयाचा निष्कर्ष. कनिष्ठ सभागृहाचा सुधारित नकाशा २०२४च्या निवडणुकीत वापरला गेला. वरिष्ठ सभागृहाचा, म्हणजे राज्याच्या सिनेटचा, २०२६साठी ठेवला गेला. काँग्रेसच्या नकाशाचा प्रश्न या दाव्यात नव्हता. तो तसाच राहिला, आणि २०२४मध्ये ठाणेदार पुन्हा निवडून आले.