चौतीस वर्षं उशिरा आलेला ‘कोंकण डान्स’

खोताच्या वाडीतल्या लाकडी जिन्यांच्या घरांमधून चालताना माझ्या कानात अमान्सियो डिसिल्वाची गिटार असते. गोव्याच्या मुळांचा हा वादक १९३६ साली मुंबईत जन्मला, पुढे लंडनला गेला. त्याच्या एका धूनचं नावच ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’. ती गल्ली हीच असेल असं नाही. पण इथे ती शोभते.

१९७२ साली त्याने ‘कोंकण डान्स’ रेकॉर्ड केला. त्यात गिटारसोबत सॅक्सोफोन, सतार आणि केशव साठ्यांचा तबला होता. पण रेकॉर्डिंग पडून राहिलं. डिसिल्वा १९९६ साली गेला. अल्बम निघाला २००६ साली. जुनं घर पडताना निदान दिसतं तरी. पडून राहिलेली टेप कुणालाच दिसत नाही.