गोळ्या अर्धवट सोडणारे आपण आणि परळचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग

अंगात कणकण आली की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आणायचं, दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या ड्रॉवरमध्ये. वसई-विरारमध्ये घरोघरी हे चालतं. अशानेच औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात. त्यांच्यावरचा एक जुना उपाय आता पुन्हा चर्चेत आलाय आणि त्याचा इतिहास आपल्या परळमधून जातो.

१८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिन या शास्त्रज्ञाला दिसलं की, गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मरतात, पण तेच पाणी उकळलं की तो गुण जातो. असं का, याचा उलगडा तेव्हा झाला नाही. १९१७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या फेलिक्स देरेल यांनी जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंना नाव दिलं बॅक्टेरिओफेज, थोडक्यात फेज. हँकिनच्या निरीक्षणाचा संबंधही पुढे याच फेजशी जोडला गेला.

तेव्हा मुंबईला प्लेगने ग्रासलं होतं. १९२०च्या दशकात देरेल भारतात आले. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये प्लेगवर फेजचे प्रयोग झाले, कॉलऱ्यासाठी १९२७ ते १९३६ अशी सरकारी चौकशीही चालली. प्लेगवर मात्र हवा तसा गुण आला नाही. मग पेनिसिलिन आलं आणि फेज मागे पडले. जॉर्जियातल्या तिबिलिसीत मात्र हे काम चालूच राहिलं.

आज शास्त्रज्ञ अख्खा फेज न वापरता त्यातलं एक प्रथिन वापरू पाहतायत. फेज जिवाणूच्या पोटात शिरतो, आपली पिल्लावळ वाढवतो आणि बाहेर पडताना लायसिन नावाच्या प्रथिनाने जिवाणूची भिंत विरघळवतो. हेच प्रथिन बाहेरून लावलं तरी काही जिवाणू फुटतात. बंगळुरूच्या गंगाजेन कंपनीने स्टॅफिलोकॉकस जिवाणूविरुद्ध असंच 'पी१२८' बनवलं. अडचण अशी की, ई. कोलायसारख्या जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, तिथे साधं लायसिन सहज पोहोचत नाही.

म्हणजे हे औषध उद्या आपल्या मेडिकलमध्ये मिळणार नाही. तोवर हातात आहेत ती अँटिबायोटिक्सच जपायची आहेत. कमी मात्रेने जिवाणू निर्ढावतात, असा इशारा पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनीच १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना दिला होता. पाकिटावरची लाल रेघ हेच सांगते: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. मेडिकलवाल्यांनीही चिठ्ठी मागायला हवी, आणि त्यांनी मागितली तर आपण भांडू नये.